आलिसन बेकर, फेब्रुवारी ते मे २०२१ : चुकलेला गोलरक्षक आणि त्याचे पाठीराखे

१३ फेब्रुवारी २०२१ रोजी, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सहा वाजता, लेस्टरच्या मैदानावर लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा सामना सुरू झाला. ६७व्या मिनिटाला मोहम्मद सलाहने गोल केला आणि ७८व्या मिनिटापर्यंत लिव्हरपूल पुढे होते. त्यानंतरच्या सात मिनिटांत लेस्टरने तीन गोल केले, आणि त्यांतला दुसरा गोल या प्रकरणाच्या मुळाशी आहे. मागून आलेला एक लांब चेंडू अडवण्यासाठी गोलरक्षक आलिसन बेकर गोल सोडून बराच पुढे धावला. त्याच चेंडूवर ओझान काबाक हा बचावपटूही झेपावला, जो त्या दिवशी लिव्हरपूलकडून पहिल्यांदाच खेळत होता. दोघांची टक्कर झाली, चेंडू सुटला आणि लेस्टरच्या जेमी व्हार्डीने तो मोकळ्या गोलात सरकवला. स्टँड रिकामे होते. महासाथीमुळे इंग्लंडमधील मैदाने प्रेक्षकांना बंद होती, त्यामुळे मैदानावर शिवी नाही, हुर्यो नाही, टाळीही नाही. जे काही म्हटले गेले ते सगळे फोनवर म्हटले गेले.

आमचा अकरा जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. बहुतेक जण पुण्यात, दोघे नाशिकला, एक दुबईत, आणि सगळेच कॉलेजपासून लिव्हरपूलचे पाठीराखे. त्या सात मिनिटांत ग्रुपवर काय लिहिले गेले ते मी हा लेख लिहिण्यापूर्वी पुन्हा वाचून पाहिले. ‘विकून टाका याला.’ ‘पैसे घेतलेत का कुणाकडून?’ ‘पुढच्या मॅचला बाकावर बसवा.’ यांतला मधला संदेश माझा आहे. त्यानंतर अकरा दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, आलिसनचे वडील ब्राझीलमध्ये बुडून वारले.

या दोन तारखांचा क्रम नीट लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे या प्रकरणाविषयी जे बोलले गेले त्यात तो बहुतेक वेळा उलटापालटा झालेला आढळतो. चुका आधी झाल्या, दुःख नंतर आले. ‘बिचारा एवढ्या दुःखात होता, म्हणून चुकला’ असे अनेकांच्या मनात बसले आहे. ते प्रेमापोटी असले तरी खरे नाही, आणि पाठीराख्यांच्या वागण्याचा अभ्यास करताना ही चूक महागात पडते. त्या वाक्यात एक सोय दडलेली असते. चुकीला कारण सापडले की क्षमा सोपी होते, आणि कारण नसते तर आपण काय केले असते हा प्रश्न टाळता येतो.

चुका कशा झाल्या

आलिसन ब्राझीलच्या दक्षिणेकडील रिओ ग्रांदे दो सुल या राज्यातला, नोवो हाम्बुर्गो शहरात १९९२ साली जन्मलेला. थोरला भाऊ मुरिएल हाही व्यावसायिक गोलरक्षक. पोर्तो अलेग्रेच्या इंटरनॅसिओनालमधून रोमाला आणि तिथून जुलै २०१८ मध्ये तो लिव्हरपूलला आला, तेव्हा जास्तीत जास्त ६ कोटी ६८ लाख पौंडांचा तो करार गोलरक्षकासाठी तोपर्यंतचा सर्वांत मोठा होता. पहिल्याच हंगामात संघ चॅम्पियन्स लीग ही युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकला, पुढच्या हंगामात तीस वर्षांनी इंग्लंडचे लीग विजेतेपद आले, आणि या दोन्हींत त्याचा वाटा इतका उघड होता की त्याविषयी वाद घालणारा पाठीराखा मला भेटलेला नाही.

२०२०-२१ चा हंगाम मात्र बचावफळीच्या दुखापतींनी पोखरला. व्हर्जिल व्हॅन डाइक ऑक्टोबरमध्येच जायबंदी झाला, नोव्हेंबरमध्ये जो गोमेझ, आणि जानेवारीच्या अखेरीस जोएल माटिप. प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांच्या पद्धतीत गोलरक्षक हा पहिला पास देणारा खेळाडू असतो. दबाव आला तरी चेंडू दूर न भिरकावता तो जवळच्या बचावपटूकडे सोपवतो आणि तिथून चाल उभी राहते. हे जमायचे तर पुढचा माणूस कुठे उभा असेल हे न पाहता कळावे लागते. ७ फेब्रुवारीला मँचेस्टर सिटीविरुद्ध अॅनफील्ड या लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर बचावाच्या मध्यभागी फाबिन्यो आणि जॉर्डन हेंडरसन हे दोघे मधल्या फळीचे खेळाडू उभे होते. १-१ अशी बरोबरी असताना ७३व्या मिनिटाला आलिसनचा पास थेट सिटीच्या फिल फोडेनकडे गेला आणि इल्काय गुंडोआनने गोल केला. तीनच मिनिटांनी तसाच दुसरा पास बर्नार्डो सिल्वाला मिळाला आणि रहीम स्टर्लिंगने गोल केला. सामना १-४ असा गेला. सहा दिवसांनी लेस्टर.

विस्कळीत बचावफळी हे कारण म्हणून मी मांडतो आहे. ती सबब म्हणून कुणी पुढे करू नये. सिटीविरुद्धचे दोन्ही पास साधे होते आणि ते त्याचेच होते. ते चुकले असे म्हणणे हा तिकीट काढणाऱ्या किंवा रात्री जागून सामना पाहणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे, आणि खेळाडूही तो नाकारत नाहीत. पण ‘पास चुकला’ हे वाक्य आणि ‘पैसे घेतलेत का’ हे वाक्य यांच्यामध्ये एक उंबरठा आहे. पहिले वाक्य खेळाविषयी आहे. दुसरे माणसाच्या सचोटीविषयी आहे, आणि ते लिहिणाऱ्याजवळ तसे म्हणायला कसलाही आधार नसतो. मी तो उंबरठा ओलांडला तेव्हा मला काहीच वाटले नव्हते, हीच गोष्ट मला आज सर्वांत गंभीर वाटते. कुणी हटकलेही नाही. दोघांनी हसण्याचे चिन्ह टाकले आणि संभाषण पुढे गेले.

त्याच आठवड्यात एक वेगळी गोष्टही घडली होती. क्लॉप यांच्या आई जानेवारीत वारल्या आणि प्रवासबंदीमुळे त्यांना जर्मनीत अंत्यविधीला जाता आले नाही, हे १० फेब्रुवारीला जाहीर झाले. लेस्टरच्या पराभवानंतर ते पद सोडणार अशा वावड्या उठल्या, तेव्हा अॅनफील्डबाहेर पाठीराख्यांनी त्यांच्या नावाचा मोठा फलक लावला. क्लॉप यांनी आभार मानले आणि आपल्याला वेगळ्या आधाराची गरज नाही असेही सांगितले. म्हणजे शोक आणि अपयश एकाच माणसाच्या वाट्याला आले असता काय करावे हे त्या शहराला कळत होते. तिथल्या लोकांना १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीत गेलेल्या ९७ जणांचा शोक तीन दशके वाहावा लागला आहे. त्यांना हे शिकवावे लागत नाही.

२४ फेब्रुवारीनंतर

आलिसनचे वडील लाव्रास दो सुल येथे आपल्या जमिनीवरील बंधाऱ्याच्या पाण्यात बुडाले. ते ५७ वर्षांचे होते. भारतात ही बातमी २५ तारखेच्या सकाळी वाचायला मिळाली. ग्रुपवर ती कुणीतरी टाकली आणि खाली हात जोडलेली चिन्हे एकामागून एक येत गेली. मीही एक टाकले. मग वर सरकत गेलो आणि बारा दिवसांपूर्वीचा माझा संदेश शोधला. तो सर्वांच्या फोनवरून काढता येत नव्हता; ती मुदत तेव्हा जेमतेम तासाभराची होती. माझ्या फोनवरून पुसला असता तरी उरलेल्या दहा फोनवर तो तसाच राहिला असता. आजही आहे.

आलिसन ब्राझीलला जाऊ शकला नाही. ब्राझील त्या वेळी ब्रिटनच्या लाल यादीत होते, तिथून परतणाऱ्याला दहा दिवस हॉटेलात विलगीकरणात राहावे लागे, आणि त्याची पत्नी तिसऱ्या अपत्याच्या वेळी गरोदर होती. वडिलांचा अंत्यविधी त्याने व्हिडिओ कॉलवर पाहिला. २८ फेब्रुवारीला शेफिल्ड युनायटेडविरुद्ध त्याच्या जागी आद्रिआन खेळला. लिव्हरपूल २-० असे जिंकले आणि कर्टिस जोन्सने आपला गोल आलिसनच्या वडिलांना अर्पण केला. ४ मार्चला, म्हणजे वडील गेल्यानंतर आठव्या दिवशी, आलिसन चेल्सीविरुद्ध पुन्हा गोलमध्ये उभा होता. तो सामना लिव्हरपूल हरले, त्यानंतरचा फुलहॅमविरुद्धचाही हरले, आणि घरच्या मैदानावर लीगमधील सलग सहा पराभव असा क्लबच्या इतिहासात कधी न घडलेला प्रकार झाला.

या दोन पराभवांनंतर आमच्या ग्रुपवर आलिसनविषयी एकही वावगा शब्द आला नाही, आणि मी जेवढे वाचत होतो त्यातही भाषा बदललेली दिसत होती. राग होता, पण तो मालकांकडे, बदली खेळाडूंच्या खरेदीकडे, क्लॉप यांच्या निवडीकडे वळला होता. प्रतिस्पर्धी क्लबांनीही सांत्वनाचे संदेश दिले होते. हे सारे योग्यच होते, आणि त्यात ढोंग होते असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र ही सहानुभूती कशाच्या आधारावर उभी होती हे पाहायला हवे, आणि त्यासाठी याच क्लबच्या, याच जागेवरच्या, तीन वर्षे आधीच्या माणसाकडे वळावे लागते.

कारिउसला काय मिळाले

२६ मे २०१८ रोजी कीव्हमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा गोलरक्षक लोरिस कारिउस याच्याकडून दोन ढोबळ चुका झाल्या. एकदा त्याने हाताने टाकलेला चेंडू रेआल माद्रिदच्या करीम बेन्झेमाच्या पायाला लागून गोलात गेला. दुसऱ्यांदा गॅरेथ बेलचा लांबून आलेला फटका त्याच्या हातांतून निसटला. रेआल माद्रिद ३-१ असे जिंकले. सामना संपल्यावर तो रडत लिव्हरपूलच्या पाठीराख्यांच्या स्टँडपुढे गेला आणि हात जोडून माफी मागितली, तेव्हा तिथल्या अनेकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. हजारो मैल प्रवास करून आलेली, अंतिम सामना नुकतीच हरलेली ती माणसे होती. त्याच रात्री इंटरनेटवर त्याला आणि त्याच्या कुटुंबाला जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या आणि पोलिसांना त्याची दखल घ्यावी लागली.

काही दिवसांनी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी त्याची तपासणी केली आणि सामन्यात माद्रिदच्या सर्जिओ रामोसशी झालेल्या टक्करीनंतर त्याच्या मेंदूला धक्का बसला असावा, त्याचा परिणाम त्याच्या दृष्टीवर झाला असावा असे सांगितले. म्हणजे कारिउसच्या चुकीला कारण सापडले होते, तेही डॉक्टरांनी दिलेले. तरीही असंख्य लोकांनी त्या निदानाची टर उडवली. जुलैमध्ये आलिसन आला, ऑगस्टमध्ये कारिउस बेशिक्ताश या तुर्की क्लबला उसना दिला गेला, आणि कीव्हचा सामना हाच लिव्हरपूलकडून त्याचा शेवटचा स्पर्धात्मक सामना ठरला.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की मला जे दिसते ते स्पष्टपणे मांडतो. आलिसनला मिळालेली सहानुभूती त्याच्या दुःखामुळे मिळाली हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे हे की त्याच्या खात्यावर आधीच एक चॅम्पियन्स लीग आणि एक लीग विजेतेपद जमा होते. कारिउसच्या खात्यावर काहीच नव्हते, म्हणून त्याला वैद्यकीय कारण मिळूनही ते कुणी मोजले नाही. पाठीराख्यांचा जिव्हाळा अनेकदा असा उधारीचा हिशेब ठेवतो: ज्याने दिले आहे त्याच्या दुःखाला किंमत, ज्याने दिलेले नाही त्याने ते सिद्ध करावे. आलिसनच्या जागी २०२१ च्या फेब्रुवारीत पहिल्याच हंगामातला, अजून काही न जिंकलेला गोलरक्षक असता तर वडिलांच्या मृत्यूनंतर चौथ्या सामन्यात ‘झाले ना आता, किती दिवस’ असे कुणी लिहिले नसते, याची खात्री मला देता येत नाही. माझ्या स्वतःच्या ग्रुपविषयीही देता येत नाही.

स्टँड आणि फोन

कीव्हमध्ये जे दिसले त्यात दुसरा धागाही आहे. टाळ्या वाजवणारे आणि धमक्या देणारे एकाच क्लबचे होते. काही जण कदाचित तेच असतील. फरक जागेचा होता. स्टँडमध्ये समोर माणूस दिसतो: त्याचे खांदे पडलेले, हातमोजे चेहऱ्यावर घेतलेले. शेजारी अनोळखी म्हातारा बसलेला असतो, पुढच्या रांगेत कुणाचे तरी पोर असते. आपण ओरडलो की ते ऐकतात आणि वळून बघतात. अॅनफील्डच्या कॉप या स्टँडची जुनी रीत अशी की पाहुण्या संघाचा गोलरक्षक त्या बाजूच्या गोलकडे येऊ लागला की त्याचे टाळ्यांनी स्वागत होते. ज्याला पुढची ४५ मिनिटे त्रास द्यायचा आहे त्याला आधी नमस्कार. अशी रीत एकट्याने बनत नाही, ती पिढ्यांनी बनवावी लागते, आणि तिच्या बळावरच एप्रिल २०२२ मध्ये, क्रिस्तियानो रोनाल्डोचे नवजात बाळ गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यात सातव्या मिनिटाला, त्याच्या सात या जर्सी क्रमांकासाठी, संपूर्ण अॅनफील्ड उभे राहून टाळ्या वाजवू शकले. रोनाल्डो त्या दिवशी खेळत नव्हता, आणि लिव्हरपूलच्या पाठीराख्यांच्या हिशेबात त्याच्या खात्यावर जमा असे काही असण्याचा प्रश्नच नव्हता.

२०२०-२१ मध्ये ही सारी रीत कुलपात होती. डिसेंबरमध्ये काही आठवडे दोन हजार प्रेक्षकांना परवानगी मिळाली, मग पुन्हा दारे बंद झाली. राहिला तो फोन, ज्याच्या काचेपलीकडे खेळाडूचा चेहरा नसतो आणि ज्याच्या अलीकडे शेजारी नसतो. एप्रिलमध्ये रेआल माद्रिदविरुद्धच्या पराभवानंतर लिव्हरपूलच्याच ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड आणि नबी केइता यांना वर्णद्वेषी शिवीगाळ झाली, आणि ३० एप्रिल ते ३ मे या काळात इंग्लंडमधील क्लबांनी व फुटबॉल संघटनांनी मिळून समाजमाध्यमांवर बहिष्कार टाकला. आम्ही पुण्यात बसून तो बहिष्कार पाळला, त्याविषयी एकमेकांना कौतुकाने सांगितले, आणि फेब्रुवारीतल्या आमच्या संदेशांचा त्याच्याशी काही संबंध आहे असे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आले नाही. खासगी ग्रुपवर लिहिलेले खेळाडूपर्यंत पोहोचत नाही हे खरे. पण जीभ तिथेच सैल होते, आणि तिथे सैल झालेली जीभ उद्या त्याच्या खात्याखाली काही लिहिताना आपोआप आवरेल असे मानायला जागा नाही.

१६ मे

वेस्ट ब्रॉमविच अॅल्बियनचे मैदान, तेही रिकामे. भारतात रात्रीचे नऊ. हॅल रॉब्सन-कानूचा गोल, सलाहची बरोबरी, आणि मग तासभर काही नाही. वाढीव वेळेच्या पाचव्या मिनिटाला लिव्हरपूलला कॉर्नर मिळाला. गोलरक्षकांचे प्रशिक्षक जॉन आख्टरबर्ग यांनी बाहेरून खूण केली आणि आलिसन मैदानाची पूर्ण लांबी धावत पुढे आला. त्याच्यावर कुणी लक्षच ठेवले नव्हते. अलेक्झांडर-आर्नल्डचा चेंडू वळत आला, आलिसनने मान फिरवून डोक्याने तो वेस्ट ब्रॉमचा गोलरक्षक सॅम जॉनस्टोनच्या आवाक्याबाहेर, दूरच्या कोपऱ्यात घातला. लिव्हरपूलच्या १२९ वर्षांच्या इतिहासात गोलरक्षकाने स्पर्धात्मक सामन्यात केलेला हा पहिला गोल होता, आणि प्रीमियर लीगमध्ये गोलरक्षकाने हेडरने केलेलाही पहिलाच. सहकाऱ्यांच्या गराड्यातून डोके बाहेर काढून त्याने दोन्ही हात आकाशाकडे केले. नंतर मुलाखतीत तो रडवेल्या आवाजात म्हणाला की आठवते तेव्हापासून तो वडिलांबरोबर फुटबॉल खेळत आला आहे, आणि वडील देवाशेजारी बसून हे पाहत असतील.

या गोलने लिव्हरपूलला पुढच्या हंगामाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये, जिथे पहिल्या चार संघांना प्रवेश होता, नेले असे सर्रास लिहिले जाते. अंतिम तक्ता पाहिला तर लिव्हरपूल ६९, चेल्सी ६७, लेस्टर ६६. दोन गुण वजा केले तरी लिव्हरपूल लेस्टरच्या पुढेच राहते. त्या रात्री मात्र चौथे स्थान हातचे निसटत होते आणि हा गोल नसता तर शेवटचे दोन सामने कोणत्या मनःस्थितीत खेळले गेले असते हे तक्त्यात दिसत नाही. मी हा मुद्दा काढतो याचे कारण असे की या गोलने सगळी उधारी फिटली, पाठीराखे आणि खेळाडू यांच्यातले सारे काही गोड झाले, अशी एक समजूत रूढ झाली आहे. आलिसनने त्या रात्री गोल केला नसता, चेंडू बाहेर गेला असता आणि परत धावताना त्याच्या रिकाम्या गोलात वेस्ट ब्रॉमने चेंडू मारला असता, तर त्याला मिळायला हवी होती ती वागणूक एक कणही बदलायला नको होती. फेब्रुवारीत, कुणी काहीच गेलेले नसताना, लेस्टरच्या सामन्यानंतरही तेवढीच मिळायला हवी होती.

आमच्या ग्रुपमधला दुबईचा मित्र त्या मे महिन्यात पहिल्यांदाच इतका गप्प होता. दुसऱ्या लाटेत, महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात, त्याचे वडील पुण्यात गेले. एप्रिलच्या अखेरीस संयुक्त अरब अमिरातीने भारतातून येणाऱ्या प्रवाशांना बंदी घातली होती. आला असता तर बायको-मुलांकडे परत कधी जाता येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून तो आला नाही. वैकुंठ स्मशानभूमीत त्याच्या चुलतभावाने फोन उभा धरला होता, एवढे मला नंतर कळले. आम्ही दहा जणांनी ग्रुपवर हात जोडलेली चिन्हे टाकली होती, त्यापलीकडे काय लिहावे हे कुणालाच सुचले नव्हते. १६ मेच्या रात्री अकराच्या सुमारास त्याने टीव्हीच्या पडद्याचा फोटो टाकला, जरा हललेला, आलिसनचे हात वर गेलेले. खाली शब्द नव्हता. दोघातिघांच्या नावापुढे ‘टायपिंग’ दिसू लागले आणि थांबले. मी त्याला फोन लावला.